सेनापती व्हाया सुरत-बुऱ्हाणपूर

खान्देशातल्या एका रस्त्यावर एका मराठा सरदाराने 'टोल' लावला, मुघल फौज बुडवली आणि त्याला फौजेतलं सगळ्यात मोठं पद मिळालं. पद मिळवण्याची ही गोष्ट जेवढी भन्नाट, त्यापेक्षा ते हातातून कसं सुटलं याची गोष्ट जास्त आपली वाटेल.

सुरतहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीत शनिवारी संध्याकाळी बसून बघा. उधना सुटलं की डब्यात गुजराती कमी आणि अहिराणी जास्त ऐकू येते. 'काय भो'ने सुरुवात होते आणि नंदुरबार येईपर्यंत सगळ्यांच्या पगाराचा हिशेब झालेला असतो. कापड मार्केटमधला अकाऊंटंट, हिऱ्याच्या कारखान्यातला सुपरवायझर, बँकेत नुकतं प्रोबेशन संपलेली मुलगी. सगळे वीकएण्डला घरी निघालेले. खिडकीबाहेर नावं सरकत जातात: व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जळगाव.

ही नावांची यादी नीट लक्षात ठेवा. सतराव्या शतकात ज्याँ बाप्तिस्त ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतला उतरून आग्र्याकडे जायचा, तेव्हा त्याने आपल्या प्रवासाचे टप्पे लिहून ठेवले. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, तापीकाठचं थाळनेर, मग चोपडा, रावेर आणि शेवटी बुऱ्हाणपूर. स्पेलिंगची त्याने पार वाट लावली आहे, पण गावं ओळखू येतात. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असंही तो लिहून गेलाय. म्हणजे आपली गाडी ज्या पट्ट्यातून धावते, तो पट्टा साडेतीनशे वर्षांपूर्वीही बिझनेस कॉरिडॉरच होता. फक्त तेव्हा डबे नव्हते, बैलगाड्यांचे तांडे होते.

आणि त्या तांड्यांत माल काय असायचा? बुऱ्हाणपूरचं तलम कापड, सोन्याच्या तारा विणलेले पदर. सुरत बंदरातून ते इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जायचं. बुऱ्हाणपूर ही खान्देश सुभ्याची राजधानी आणि सुरत हे मुघलांचं सगळ्यात कमाऊ बंदर. या दोघांना जोडणारा रस्ता म्हणजे साम्राज्याची शीरच. ती कुणी दाबली तर दिल्लीला चक्कर यायची.

ती ज्याने दाबली, त्याचं नाव खंडेराव दाभाडे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या खान्देशी मंडळींनी हे आडनाव रोज ऐकलेलं आहे. लोणावळा लोकलच्या अनाउन्समेंटमध्ये 'तळेगाव दाभाडे' येतं ना, तेच हे दाभाडे. तळेगाव त्यांचं गाव. वडील येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या काळापासून चाकरीत. राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा हे कुटुंब सोबत होतं. खंडेरावांनी मात्र नाव कमावलं ते घरापासून खूप लांब, बागलाण, खान्देश आणि गुजरातच्या सीमेवर.

चौथाईचा नाका

सतराशे पंधराच्या आसपासचा काळ डोळ्यांसमोर आणा. औरंगजेब १७०७ मध्ये गेलेला. दिल्लीत गादीवर कोण बसणार हे सय्यद बंधू ठरवतात. त्यातला धाकटा, हुसेन अली, १७१५ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि आल्या आल्या बुऱ्हाणपूरजवळ त्याला आपल्याच बादशाहीतल्या दाऊदखान पन्नीशी लढावं लागलं. दाऊदखान मारला गेला. थोडक्यात, हेड ऑफिसमध्ये पॉलिटिक्स आणि ब्रँच वाऱ्यावर.

खंडेरावांनी याच मोकळ्या जागेत आपलं दुकान मांडलं. त्या काळचा इतिहासकार खाफीखान सांगतो, त्यानुसार खंडेरावांनी सुरतेच्या वाटेवर टप्प्याटप्प्यावर मातीच्या गढ्या उभ्या केल्या आणि तिथे आपली ठाणी बसवली. येणाऱ्या तांड्याला सरळ हिशेब: मालाचा चौथा हिस्सा ठेवा आणि पुढे जा. नाही दिला तर माल जप्त आणि व्यापारी कैद. खाफीखान मुघलांच्या बाजूचा, तो याला अर्थातच लूटमार म्हणतो. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात हीच गोष्ट पराक्रम होते. मला विचाराल तर दोन्ही शब्द बाजूला ठेवून गढ्यांकडे बघा. लुटारू गढी बांधत नाही, लुटून पळतो. गढी बांधणारा माणूस उद्याही इथेच असणार आहे, असं सांगत असतो. धुळे-सुरत हायवेवर फास्टॅगचा बीप वाजला की मला तरी या गढ्या आठवतात.

हुसेन अलीला हे परवडणारं नव्हतं. त्याने १७१६ च्या सुमारास आपला बक्षी झुल्फिकार बेग याला काही हजारांची फौज देऊन पाठवलं. बक्षी म्हणजे फौजेच्या पगारपत्रकाचा आणि हजेरीचा प्रमुख. आजच्या भाषेत एचआर आणि फायनान्स हेड एकत्र.

गाठ पडली ती बागलाण आणि गाळण्याच्या बाजूला. गाळणा किल्ला मालेगाव तालुक्यात येतो, धुळ्याहून फार लांब नाही. ज्यांनी तो मुलूख बघितलाय त्यांना पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. टेकड्या, ओढे, घळी, बाभळीचं रान. समोर मोठी फौज दिसल्यावर खंडेराव लढले नाहीत. मागे हटले. आणखी मागे हटले. बेगाला सावध राहण्याचा सल्ला मिळाला होता असं खाफीखान लिहितो, पण त्याचे स्वार 'मराठे पळाले' या आनंदात सुसाट सुटले. फौज लांबली, विस्कळीत झाली, डोंगरात शिरली. मग खंडेराव वळले. परतीच्या वाटा बंद झाल्या होत्या. बेग मारला गेला आणि उरलेल्यांचे घोडे, शस्त्रं, अंगावरचे कपडेही गेले.

हा काही नवा डाव नव्हता. गनिमी काव्याचं बेसिक मॉडेलच ते. पण स्वतःच्या माणसांसमोर मागे फिरणं, तेही सगळे बघत असताना, याला वेगळीच छाती लागते.

या विजयानंतर खंडेराव साताऱ्याला गेले. जानेवारी १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापती केलं.

त्या खुर्चीचा इतिहास

सेनापती हे आज आपल्याला एखाद्या नाटकातलं पात्र वाटतं. शिवशाहीत हे अष्टप्रधानांपैकी एक पद होतं. आधीचा शब्द सरनौबत, फारसी वळणाचा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली गेली आणि सरनौबताचा सेनापती झाला. त्या दिवशी ती जागा हंबीरराव मोहित्यांकडे होती.

या पोस्टला रिटायरमेंट प्लॅन मात्र नव्हता. नेताजी पालकर १६६६ मध्ये पदावरून गेले, मुघलांकडे पोहोचले, मुसलमान झाले आणि दहा वर्षांनी परत आले. त्यांच्या जागी आलेले प्रतापराव गुजर १६७२ मध्ये साल्हेरला जिंकले. हो, तोच साल्हेर, जिथे आपण पावसाळ्यात ट्रेकला जातो आणि महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला सर केला म्हणून फोटो टाकतो. मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानात हरवलेल्या मोठ्या लढायांत तिचं नाव घेतात. दोनच वर्षांनी नेसरीला प्रतापराव गेले. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळ पडले. म्हाळोजी घोरपडे १६८९ मध्ये संगमेश्वरला. संताजी घोरपड्यांना १६९६ मध्ये पदावरून काढलं आणि पुढच्या वर्षी ते मारले गेले.

मग धनाजी जाधव आणि धनाजींनंतर त्यांचा मुलगा चंद्रसेन. इथे काहीतरी बदललं, ते चटकन लक्षात येत नाही. तोवर हे पद लढाईतल्या माणसाकडून लढाईतल्या दुसऱ्या माणसाकडे जात होतं. आता ते बापाकडून मुलाकडे गेलं. चंद्रसेनचं पुढे बाळाजी विश्वनाथांशी वाजलं, निमित्त म्हणे शिकारीतल्या एका हरणाचं. १७११ मध्ये सेनापती चक्क शाहू महाराजांना सोडून गेला आणि शेवटी निजामाकडे स्थिरावला. हरीण हे निमित्त. खरं भांडण कुणी कुणाला रिपोर्ट करायचं, याचं होतं. बाळाजी आधी धनाजींच्या हाताखाली कारकुनी कामाला होते आणि आता शाहू महाराजांचा त्यांच्यावर जास्त भरवसा होता. ज्यांच्या हाताखालचा ज्युनिअर एका अप्रेझलमध्ये वर निघून गेलाय, त्यांना चंद्रसेन लगेच कळेल.

म्हणजे खंडेरावांना मिळालेली खुर्ची मानाची होती, पण तिला पायाशी वाळवी लागलेली होती.

थोडं सर्बियात जाऊन येऊ

सर्वोच्च पद म्हणजे नक्की काय, हे समजायला एक लांबचं उदाहरण फार उपयोगी पडतं. सर्बियाच्या लष्करात सगळ्यात वरचा हुद्दा होता 'व्होय्व्होदा'. शब्द फोडला तर 'फौजेला नेणारा'. अगदी आपला सेना अधिक पती. १९१२ ते १९१८ या काळात तो मिळाला चौघा सर्ब सेनानींना, आणि चौघांनाही रणांगणावरच्या कामाबद्दल. रादोमिर पुत्निकना १९१२ मध्ये कुमानोव्होच्या विजयानंतर. स्तेपा स्तेपानोविचना १९१४ मध्ये त्सेर डोंगरावरच्या लढाईनंतर. झिवोयिन मिशिचना त्याच वर्षी कोलुबारानंतर आणि पेतार बोयोविचना १९१८ मध्ये.

यातले मिशिच मला खंडेरावांचे लांबचे नातेवाईकच वाटतात. नोव्हेंबर १९१४. ऑस्ट्रिया-हंगेरीची फौज आत घुसलेली, सर्ब सैनिक थकलेले, तोफगोळे संपत आलेले. मिशिचनी आपली फौज मुद्दाम बरीच मागे घेतली. वरिष्ठ पुत्निकना ते पटत नव्हतं, कारण एवढं मागे जायचं म्हणजे राजधानी बेलग्रेडही सोडायची. मिशिच हटले नाहीत, म्हणजे मागे हटण्यावरून हटले नाहीत. माणसांना झोप मिळाली, जेवण मिळालं, दारूगोळा आला. पाठलाग करणारी फौज चिखलात लांबत गेली. ३ डिसेंबरला सर्ब वळले आणि १५ डिसेंबरला बेलग्रेड परत त्यांच्याकडे होतं. महिन्याभरात मिशिच व्होय्व्होदा झाले.

पुत्निकांची गोष्ट वेगळ्याच वळणाची. युद्ध सुरू झालं तेव्हा हे साहेब शत्रूच्याच देशात हवापालटाला गेले होते! बुडापेस्टला अटक झाली आणि म्हाताऱ्या सम्राटाने दिलदारपणे सोडून दिलं. पुढच्या पाच महिन्यांत त्याच सम्राटाच्या फौजा पुत्निकांनी दोनदा परतवल्या. १९१५ च्या हिवाळ्यात मात्र देश पडला. आजारी पुत्निकना सैनिकांनी खुर्चीच्या पालखीत बसवून अल्बेनियाच्या बर्फातून खांद्यावर नेलं. थोड्याच दिवसांत त्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि १९१७ मध्ये फ्रान्समधल्या नीसला ते गेले.

या चौघांपैकी एकाच्याही मुलाला वारशाने व्होय्व्होदा होता आलं नाही. हुद्दा माणसाबरोबर आला आणि माणसाबरोबर गेला.

आपल्याकडचा आजचा फील्ड मार्शलही असाच. भारतीय लष्करात आजवर दोघेच: सॅम माणेकशॉ, १९७३ मध्ये, आणि के. एम. करिअप्पा, १९८६ मध्ये. हवाई दलात त्याच तोडीचा मान अर्जन सिंग यांना २००२ मध्ये मिळाला. हा हुद्दा मरेपर्यंत राहतो, निवृत्ती नाही. पण फौजही हाताखाली नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्या पगाराचं काय करायचं, हे सरकारलाही लवकर सुचलं नाही. माणेकशॉंना थकबाकीचा चेक मिळाला २००७ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. रक्कम एक कोटीच्या वर. अरुणकुमार वैद्य, मनोज नरवणे, मनोज पांडे अशी मराठी नावं लष्करप्रमुखांच्या यादीत आहेत. पाच ताऱ्यांपर्यंत मराठी माणूस अजून पोहोचलेला नाही.

ज्युनिअर पुढे जातात

परत आपल्या रस्त्यावर येऊ. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ हुसेन अलीबरोबर दिल्लीला गेले, सोबतच्या फौजेत खंडेराव होते. येताना सनदा घेऊन आले. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, त्यात खान्देशही. तीन वर्षांपूर्वी ज्या वसुलीसाठी हुसेन अलीने फौज पाठवली होती, त्याच धर्तीच्या वसुलीवर आता बादशाही शिक्का होता. १७२० मध्ये निजाम नर्मदा उतरला, असीरगड आणि बुऱ्हाणपूर त्याच्या हाती पडलं. त्याच्याविरुद्ध बाळापूरला जी लढाई झाली, तिथेही खंडेराव होते. ती लढाई हरली. पण दाभाड्यांच्या पथकातला एक माणूस असा लढला की त्याला 'समशेर बहाद्दर' किताब मिळाला. त्याचं नाव दमाजी गायकवाड.

इथून गायकवाडांकडे लक्ष ठेवा. दमाजी लवकरच गेले, त्यांचा पुतण्या पिलाजी पुढे आला. पिलाजींनी १७१९ च्या सुमारास जंगलातला एक किल्ला घेतला आणि तिथून गुजरातवर हात फिरवायला सुरुवात केली. तो किल्ला म्हणजे सोनगड. होय, नवापूरच्या अलीकडचं आपलं स्टेशन, जिथे चहा घ्यायला उतरावं की नाही यावर डब्यात चर्चा होते. बडोद्याच्या गायकवाडांची पहिली राजधानी ती. म्हणजे ज्या रस्त्यावर खंडेरावांनी सेनापतिपद कमावलं, त्याच रस्त्यावर त्यांचा हाताखालचा माणूस स्वतःचं राज्य उभारत होता. कागदावर तो दाभाड्यांचा मुतालिक, म्हणजे डेप्युटी. प्रत्यक्षात फिल्डवर तोच.

दुसरीकडे साताऱ्यात बाळाजींचा विशीतला मुलगा १७२० मध्ये पेशवा झाला. बाजीराव. हा पेशवा ऑफिसात बसणारा नव्हता. फौज घेऊन माळव्यात, गुजरातेत स्वतः फिरायचा. आता सांगा, पेशवाच मोहिमा करायला लागला तर सेनापतीने काय करायचं? हा प्रश्न खंडेराव असेपर्यंत झाकून राहिला. १७२९ मध्ये ते गेले आणि मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला.

१७३० मध्ये बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पांनी गुजरातच्या मुघल सुभेदाराकडून तिथली चौथाई मिळवली. दाभाडे खवळले. गुजरात आमचं, तीस वर्षं आम्ही घोडी झिजवली, आणि करार तुमच्या नावावर? मला इथे त्रिंबकरावाची बाजू पूर्ण पटते. पण त्यांनी उपाय निवडला तो निजामाशी संधान बांधण्याचा, आणि तिथे त्यांनी बाजीरावांच्या हातात आयतं कोलीत दिलं.

१ एप्रिल १७३१ ला बडोद्याजवळ डभईला मराठे मराठ्यांशी लढले. त्रिंबकरावांच्या बाजूला पिलाजी गायकवाड होते, पवार होते, आणि खान्देशात ज्यांचं घराणं आजही ओळखलं जातं ते कंठाजी कदमबांडेही. बाजीरावांची फौज दाभाड्यांच्या निम्म्याच्या आसपास असावी असं ग्रँट डफ लिहितो. त्रिंबकराव हत्तीवर होते. बरोबरचे पांगले तरी हत्ती मागे वळला नाही, ते बाण सोडत राहिले. गोळी लागली आणि खेळ संपला.

बाप मागे हटून सेनापती झाला होता. मुलगा न हटता मेला. धाडसात मुलगा कमी होता असं कुणी म्हणू शकणार नाही.

उमाबाई

आणि मग त्या पुढे येतात, ज्यांच्याबद्दल मला खरं लिहायचं होतं.

खंडेरावांच्या पत्नी उमाबाई. माहेर अभोण्याचं, कळवण तालुक्यातलं, ठोके देशमुखांचं घर. म्हणजे सासर तळेगाव असलं तरी बाई आपल्याकडची, बागलाणच्या अंगाची. नवरा गेलेला, दोन वर्षांत मोठा मुलगा लढाईत पडलेला, तोही आपल्याच राज्याच्या पेशव्याकडून. शाहू महाराज स्वतः तळेगावला समजूत काढायला गेले. तिथे त्यांनी बाजीरावांना उमाबाईंपुढे उभं करून उमाबाईंच्या हाती तलवार दिली आणि सूड घ्या म्हणाले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, उमाबाईंनी तलवार चालवली नाही, एवढं तर उघडच आहे.

सेनापतिपद धाकट्या मुलाला, यशवंतरावांना, मिळालं. वय लहान. त्यामुळे पदावर मुलगा आणि कामावर आई. पिलाजींना मुतालिकी मिळाली आणि 'सेनाखासखेल' हा किताबही. १७३२ मध्ये डाकोरला जोधपूरच्या अभयसिंगाच्या माणसांनी पिलाजींचा खून केला, तेव्हा सूड घ्यायला फौज अहमदाबादवर चालून गेली. त्या फौजेसोबत उमाबाई होत्या. अभयसिंगाला खंडणी मान्य करून सुटका करून घ्यावी लागली. या कामगिरीबद्दल शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे दिले असं सांगतात. मराठी फौजेची एकमेव स्त्री सेनापती म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. कागदोपत्री पद मुलाचं होतं. पण अहमदाबादच्या वेशीबाहेर कागद कोण बघतं?

पुढची जवळजवळ वीस वर्षं मात्र हळूहळू झिरपत गेलेल्या सत्तेची आहेत. यशवंतराव मोठे झाले, पण फौज सांभाळण्याइतके तयार झाले नाहीत. गुजरातचा पैसा गायकवाडांच्या हातून यायचा, म्हणजे गायकवाड देतील तेवढाच यायचा. पिलाजींचे चिरंजीव दुसरे दमाजी आता तिथले खरे मालक. आणि करारानुसार निम्मा हिस्सा पेशव्यांचा. नाव सेनापतीचं, तिजोरी रिकामी.

१७४९ मध्ये शाहू महाराज गेले. दाभाड्यांना सांभाळून घेणारा शेवटचा माणूस गेला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीला नानासाहेब पेशव्यांना भेटल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: गुजरातच्या अर्ध्या हिश्शाचा करार आमच्याकडून दबावाखाली करून घेतला, तो आम्हाला बांधील नाही. नानासाहेबांनी मानलं नाही. त्यांची बाजूही सोपी नव्हती, कर्ज डोक्यावर होतं आणि नवा छत्रपती नुकताच गादीवर आलेला होता. पण म्हातारपणी पोराच्या वयाच्या माणसासमोर आपला हक्क मांडणाऱ्या त्या बाईंचा विचार मनातून जात नाही.

आळंदीनंतर उमाबाई ताराबाईंच्या बाजूला गेल्या. दोन विधवा, दोघींनी एकेकाळी फौजा सांभाळलेल्या. त्यांच्या मदतीला दमाजी गायकवाड गुजरातेतून पंधरा हजारांची फौज घेऊन साताऱ्यापर्यंत आले आणि १७५१ मध्ये तिथेच अडकले. दमाजी कैद. पाठोपाठ दाभाडे कुटुंबही कैद, जहागिरी जप्त.

आता फरक बघा. दमाजींनी १७५२ मध्ये निम्मा गुजरात देऊन सुटका करून घेतली, परत गेले आणि बडोद्याचं राज्य वाढवलं. त्यांच्याशिवाय गुजरातचा कारभार चालणार नव्हता, हे पेशव्यांना माहीत होतं. दाभाड्यांकडे देण्यासारखं उरलं होतं ते फक्त पद. १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात गेल्या, पुढच्या वर्षी यशवंतराव. सेनापती हा शब्द तळेगावच्या घराण्यामागे मानाने लागत राहिला.

आणि 'सेनाखासखेल समशेर बहाद्दर'? सेनापतीच्या डेप्युटीला मिळालेले ते किताब बडोद्याचे राजे शेवटपर्यंत आपल्या नावापुढे लावत होते. त्यातले सगळ्यात मोठे सयाजीराव तिसरे, जन्माने मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातले. १८७५ मध्ये दत्तक जाऊन थेट गादीवर बसले. गाळण्याचा डोंगरही त्याच तालुक्यात.

गडावरच्या पायऱ्या

धुळ्याहून, शिरपूरहून, अमळनेर-चोपड्याहून चैत्रात वणीच्या गडाकडे जे पायी निघतात, त्यांना कुणी दाभाड्यांबद्दल विचारलं तर बहुतेक मान हलवतील. डोक्यावर ऊन, पायाला फोड, हातात भगवा झेंडा. सप्तशृंगी ही कित्येक खान्देशी घरांची कुलदेवता. ऑफिसात वर्षभर एसीत बसणारे आपले मित्रही त्या चार-पाच दिवसांची रजा आधीच टाकून ठेवतात, बॉसने काहीही म्हटलं तरी.

गडावर देवीपर्यंत चढणाऱ्या पावणेपाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या १७१० साली उमाबाई दाभाड्यांनी बांधून घेतल्या असं मानलं जातं. तेव्हा खंडेराव सेनापती व्हायचे होते. सुरतेच्या वाटेवरचा झुल्फिकार बेग अजून आलेला नव्हता. अभोणं गडाच्या पायथ्यापासून जवळच, म्हणजे बाईंच्या माहेरची देवी.

२०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आहे. तिकीट काढा, बसा, काही मिनिटांत वर. आपल्या पिढीतले बरेच जण तीच घेतात आणि त्यात काही वावगं नाही. आयांना मात्र ती चालत नाही. नवस पायऱ्यांचा बोललेला असतो. मग आई एक एक पायरी कुंकवाचं बोट लावत चढते, आणि आपण तिची पिशवी, पाण्याची बाटली आणि चपला सांभाळत मागून चढतो.